पडदा पांढरा, चेहरा मात्र निळा!

वाचकहो, आज एक काम करा. फडताळावरची कागदपत्रांची पिशवी खाली काढा. सातबारा, सोसायटीचे पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, आणि तळाशी कुठेतरी एका पाकिटात उरलेसुरले पासपोर्ट साइझचे फोटो. ते फोटो ओट्यावर ओळीने मांडा आणि उजेडात बघा. बँकेसाठी काढलेल्या फोटोत तुम्ही हळद लागल्यासारखे पिवळे. पीककर्जाच्या वेळच्या फोटोत निळसर, थंडीने काकडल्यासारखे. रेशनकार्डाला दिलेल्यात हिरवट. आणि एकात तर तोंडाला राख फासल्यासारखे. माणूस तोच, कातडी तीच, रानातल्या उन्हाने रापलेली. मग हे चार रंग आले कुठून?

फोटोवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, "दादा, लाइटीचा फॉल्ट आहे." हे त्याचे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे त्याच्या हातात असते, आणि थोडेसे तुमच्याही.

मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या राहूच्या पट्ट्यात हा विषय समजावून सांगायला फार लांब जायला नको. हा उसाचा मुलूख. गुऱ्हाळाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास इथल्या पोरासोरांच्याही ओळखीचा. गुळाचा सौदा ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक असते, की जाणता माणूस गुऱ्हाळाच्या अंधाऱ्या छपरात, लोंबत्या बल्बाखाली गुळाचा रंग ठरवत नाही. तो ढेपेचा खडा काढतो, तळहातावर घेतो आणि बाहेर उजेडात येतो. कारण बल्बाखाली सगळाच गूळ पिवळाधमक दिसतो! रंगावर भाव फिरतो, तेव्हा रंग कुठल्या उजेडात बघायचा याची अक्कल आपल्याला बरोबर आहे. तीच अक्कल आपण चेहऱ्याला मात्र लावत नाही.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका अर्जासाठी तातडीने फोटो हवा होता. एका बाजारपेठेच्या गावी एका स्टुडिओत गेलो. गावाचे, स्टुडिओचे नाव कशाला घ्या, फोटोवाला भला माणूस होता. मागे पांढरा पडदा, वर दोन ट्यूबलाइट, समोर एक फ्लॅश, बाजूला उघडी खिडकी. पाच मिनिटांत फोटो हातात. पडदा दुधासारखा, आणि पडद्यापुढे मी निळाजांभळा. मी म्हटले, "भाऊ, हा रंग असा कसा?" तो म्हणाला, "काका, बॅकग्राउंड पांढरं आलंय ना? मग झालं की! फॉर्मला तेवढंच बघत्यात." घरी आल्यावर आईने फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारले, "तवा तू आजारी व्हतास का रं?"

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी फोटो म्हणजे लग्नात आणि जत्रेत. आता पोरगी डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा देते म्हटले की पांढऱ्या पार्श्वभूमीचा, दोन्ही कान दिसणारा फोटो अर्जाला लागतो. तोच चेहरा प्रवेशपत्रावर येतो, आणि परीक्षेच्या दाराशी तो कागद आणि ती पोरगी समोरासमोर धरून बघितली जाते. भाचा अमेरिकेला निघाला तर व्हिसासाठी दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, आणि २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्माही चालत नाही. आपल्याकडे पासपोर्टच्या कार्यालयात मोठ्या माणसांचा फोटो तिथेच काढतात. पण चार वर्षांच्या आतल्या लेकराचा फोटो आपणच पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढून न्यायचा असतो. गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसांनाही कागदावर चिकटवायला स्वतःचे तोंड लागतेच. एकदा काढलेला फोटो पुढे पाच-दहा वर्षे आपल्या नावाने बोलत राहतो. त्यात आपण आपल्यासारखे दिसावे एवढी मागणी काही फार नाही.

धोतर बल्बाखाली पांढरेच का दिसते?

आता मूळ भानगड. रात्री बल्बाच्या उजेडात धोतर बघा, पांढरे दिसते. तेच धोतर सकाळी दोरीवर बघा, तेव्हाही पांढरेच. पण खरे तर बल्बाखाली त्यावरून येणारा उजेड चांगला नारिंगी असतो. आपला डोळा आणि मेंदू मिळून क्षणात हिशेब करतात, की 'उजेड पिवळा आहे, तेवढा वजा करा.' हा हिशेब इतका गुपचूप होतो की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याकडे असा जन्मजात हिशेबनीस नाही. त्याला जे दिसते ते तो टिपतो. त्याला कुणीतरी सांगावे लागते, की बाबा रे, या उजेडात पांढरे म्हणजे हे. या सांगण्यालाच फोटोवाले 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात.

उजेडाचा रंग मोजतात कसा? लोहाराच्या भात्यापुढे उभे राहून आठवा. लोखंड तापू लागले की आधी काळपट लाल, मग नारिंगी, मग पिवळे, आणि पार तापले की पांढऱ्याकडे झुकते. म्हणजे तापमान वाढते तसा उजेडाचा रंग तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. म्हणून उजेडाचा रंग तापमानाच्या मापात सांगतात. माप केल्व्हिनचे, लॉर्ड केल्व्हिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावाचे. देवापुढच्या समईचा उजेड साधारण १,९०० केल्व्हिन. जुना तारेचा बल्ब २,७०० ते २,९००. स्टुडिओतला हॅलोजन ३,२००. दुपारचे ऊन ५,५०० च्या आसपास, आणि फ्लॅशही मुद्दाम त्याच्याच जवळचा बनवलेला. सावलीत बसलात, वर नुसते निळे आभाळ, तर ७,००० ते ८,००० सुद्धा. आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. आपण बोलताना तांबड्याला गरम आणि निळ्याला थंड म्हणतो. इथे सगळे उलटे आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

ट्यूबलाइटची तऱ्हा निराळी. ती तापून उजेड देत नाही, आतल्या लेपामुळे देते. त्यामुळे तिच्यात हिरव्याचा जोर असतो. तुमचा तो रेशनकार्डाचा हिरवट फोटो बहुधा तिचाच प्रताप.

रोलच्या काळात हे दुखणे वेगळ्या प्रकारचे होते. रंगीत रोल बहुतेक दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला. त्यावर बल्बाखाली फोटो काढला की सगळे वऱ्हाड तांबडेपिवळे. जाणकार फोटोग्राफर भिंगापुढे निळी काच लावत. बाकीचे रोल पुण्याला लॅबमध्ये पाठवत आणि देवावर हवाला ठेवत. लॅबमधला माणूस छापताना रंग ओढूनताणून जाग्यावर आणायचा. गिऱ्हाइकाला वाटायचे फोटोग्राफर हुशार! पण पांढऱ्या पडद्यापुढच्या फोटोला लॅबचे यंत्रही फसायचे. यंत्राची समजूत अशी, की कुठल्याही फोटोची सरासरी काढली तर मधला करडा रंग यावा. सगळीकडे पांढरेच पांढरे दिसले की ते त्यालाही करड्यात ओढायचे. पडदा मळका, माणूस काळवंडलेला. निळा पडदा असला तर यंत्र निळे कमी करायला जायचे आणि चेहरा पिवळा पडायचा.

त्यात आपल्याकडची वीज. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवेल, संध्याकाळी रानातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब मिणमिणायचा. नुसता मंद नाही, तांबडा व्हायचा. तार कमी तापली की उजेड लाल, लोहाराचाच नियम! त्या उजेडात काढलेला फोटो दुपारच्या फोटोशी जुळणार कसा?

आता रोल गेला, लॅब गेली, बल्बही जवळपास गेला. कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये आपोआप व्हाइट बॅलन्स करणारी सोय आली. ती बऱ्याच वेळा बरे काम करते, हे मान्य. पण ती अंदाजपंचे आहे. समोर जे रंग दिसतात त्यावरून उजेड कसला असेल याचा ती तर्क करते. लालभडक साडीतल्या मावशी पडद्यापुढे बसल्या की ती लाल कमी करायला जाते, आणि मावशींचा चेहरा निळसर. त्यांच्या मागून पांढरा सदरा घालून काका बसले की त्यांचा रंग वेगळा. एकाच स्टुलावर, एकाच उजेडात, एकाच घरातली दोन माणसे दोन रंगांची.

पडद्याला साक्षीदार करू नका

इथे फोटोवाल्यांना एक युक्ती सुचते, आणि तिच्यातच खरा घोटाळा आहे. ते म्हणतात, मागे पांढरा पडदा आहेच की! त्याच्यावरूनच पांढरे ठरवू. बऱ्याच जणांचा असा ठाम समज असतो, की पडदा पांढरा आला म्हणजे रंग बरोबर आला. वरवर पटतेही. पण तीन कारणांनी हा साक्षीदार खोटा निघतो.

पहिले म्हणजे पडद्यावर पडणारा उजेड आणि चेहऱ्यावर पडणारा उजेड एक असेलच असे नाही. माझ्या त्या फोटोत पडद्यावर वरच्या ट्यूबचा उजेड होता, तोंडावर फ्लॅशचा आणि खिडकीचा. कॅमेऱ्याला पडद्यावरून पांढरे शिकवले, म्हणजे ट्यूबचा उजेड वजा केला. तो माझ्या तोंडावर नव्हताच! नसलेले वजा केले की काय होणार? हिरवट वजा केले की जांभळट उरते, आणि खिडकीतले निळे होते तसेच राहिले.

दुसरे, पडदा पांढरा असतो का हो? आपल्याकडे पांढरे कापड धुतले की नीळ घालतात. पिवळटपणा मारायला निळ्याचा हात. शिवाय धुण्याच्या पावडरीत आणि कागदाच्या लगद्यात एक चकाकी आणणारा पदार्थ घालतात. तो डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण खातो आणि त्यांच्या बदल्यात निळा उजेड सोडतो. त्यामुळे कापड 'पांढऱ्याहून पांढरे' भासते. विश्वास बसत नसेल तर दुकानात नोटा तपासायचे निळ्या दिव्याचे यंत्र असते, त्याखाली धुतलेला पांढरा रुमाल धरा. निळा झगझगीत पेटतो. वहीचा कागदही पेटतो. खऱ्या नोटेचा कागद मात्र तसा पेटत नाही, म्हणून तर ते यंत्र! अशा पेटणाऱ्या पडद्यावर किंवा कोऱ्या कागदावर भरवसा ठेवून कॅमेऱ्याला पांढरे शिकवले, तर तो निळे काढून टाकायला बघतो आणि चेहरा पिवळा करतो. किती, ते उजेडात अतिनील किती आहे त्यावर ठरते, त्यामुळे दर वेळी वेगळे.

तिसरे कारण सूक्ष्म आहे, पण महत्त्वाचे. पडदा पांढराशुभ्र यावा म्हणून त्याच्यावर भरपूर उजेड टाकतात. कॅमेऱ्याचे मापटे भरून वाहू लागते. लाल, हिरवा, निळा या तिन्ही मापात काठोकाठ. पायली भरून सांडल्यावर तिच्यात किती ओतले होते हे सांगता येईल का? तसेच हे. करपलेल्या पांढऱ्यात रंगाची माहितीच शिल्लक नसते.

मग साक्षीदार कोण? चेहऱ्याजवळ धरलेले, मधल्या उजळपणाचे, कुठल्याच रंगाकडे न झुकणारे असे काहीतरी. त्यासाठी बाजारात 'ग्रे कार्ड' मिळते. करड्या रंगाचे, पडणाऱ्या उजेडापैकी १८ टक्के परत फेकणारे. कार्ड मिळत नसेल तर एक देशी तोड आहे. पाइपाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप, जी मोटारीच्या आणि ठिबकच्या दुकानात टाकलेली असते. टेफ्लॉन हा पदार्थ सगळ्या रंगांचा उजेड जवळपास सारखाच परत फेकतो आणि नोटांच्या दिव्याखाली पेटत नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिचे दहाएक थर बसवा; पातळ असते, कमी थरांतून पुठ्ठ्याचा रंग डोकावतो. ही टेप पांढरी असल्याने तिचा फोटो मात्र थोडा अंधारलेला काढायचा, म्हणजे मापटे सांडणार नाही.

कृती सोपी आहे. ज्या दिव्यांवर फोटो काढायचा तेवढेच चालू ठेवायचे. वरची ट्यूब बंद, खिडकीला जाड पडदा. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून कार्ड त्याच्या हनुवटीखाली धरायला लावायचे, कॅमेऱ्याकडे तोंड करून. कार्डाने चौकट भरेल असा एक फोटो घ्यायचा, आणि कॅमेऱ्याच्या यादीतल्या 'कस्टम' व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तोच फोटो नमुना म्हणून निवडायचा. निकॉनवाल्यांना तिथे 'प्री' अशी अक्षरे दिसतील. झाले. दिवे हलवले नाहीत, बदलले नाहीत, तोवर मावशींची लाल साडी येवो की काकांचा पांढरा सदरा, चेहऱ्याचा रंग हलणार नाही. सारे मिळून दोन मिनिटांचे काम! मोबाइलवर 'प्रो' प्रकार असेल तर त्यात केल्व्हिनचा आकडा हाताने पक्का करता येतो. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

ज्यांचा कॅमेरा कच्ची फाइल देतो त्यांनी ती घ्यावीच. तिला 'रॉ' म्हणतात. नेहमीची फाइल म्हणजे साच्यात ओतून घट्ट झालेली ढेप, आणि 'रॉ' म्हणजे काहिलीतला रस. रसाचे काय करायचे ते नंतर ठरवता येते. ढेप एकदा काळी झाली की खरवडून ती पिवळी होत नाही. पहिल्या फोटोत कार्ड असले म्हणजे संगणकावर त्या कार्डावर एकदा टिचकी मारली की त्या बैठकीतले सगळे फोटो जाग्यावर येतात.

पडद्याची निगा वेगळी. माणूस पडद्याला चिकटून बसवू नये, पाच-सहा फूट पुढे घ्यावा. नाहीतर मागे कानाची सावली पडते. पडद्यावर चेहऱ्यापेक्षा थोडा जास्त उजेड असावा, पण दिवा त्याच जातीचा. फार जास्त झाला तर पडद्यावरून उजेड उलटा येऊन कान आणि केस खातो. आणि कॅमेरा आपल्या मनाने उजेड मोजत असेल, तर पांढरा पडदा बघून तो फोटो काळा करतो, जुन्या लॅबच्या यंत्रासारखाच. तेव्हा त्याच्या मोजण्यापेक्षा एक ते दीड टप्पा जास्त उजेड द्यावा.

खोलीच्या भिंतीही बघा. आपल्याकडे पोपटी आणि आकाशी ऑइलपेंटची भारी हौस. छोट्या खोलीत फ्लॅशचा उजेड भिंतीवर आपटून येतो आणि गालाच्या एका बाजूला पोपटी झाक आणतो. अंगणात फोटो काढायचा म्हटले तर पत्र्याच्या शेडवरची निळी ताडपत्री तेच करते, आणि उसाच्या फडाजवळ उभे राहिलात तर हनुवटीखाली हिरवे. एका गालावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा उजेड असला तर कुठलेच कार्ड कामाला येत नाही. एका बाजूचा रंग सुधारला की दुसरीचा बिघडतो.

स्वस्त एलईडी दिव्यांविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण आता जिकडेतिकडे तेच आहेत. डब्यावर ६,५०० केल्व्हिन लिहिलेले असते आणि दिवा डोळ्यांना पांढराही दिसतो. पण हलक्या दिव्यात लाल रंगाचा तुटवडा असतो. त्याखाली कुंकू तपकिरी दिसते, ओठ सुकलेले दिसतात, आणि सावळ्या माणसाची कातडी मातकट. व्हाइट बॅलन्स केला तरी हे सुधारत नाही. जे उजेडातच नाही ते कॅमेरा आणणार कुठून! दिवा घेताना 'सीआरआय' हा आकडा विचारायचा. शंभरपैकी ९० च्या वर असला तर घ्या, ९५ असला तर उत्तम. दुकानदाराला आकडा सांगता आला नाही, तर कुंकवाची डबी त्या दिव्याखाली धरून बघा.

गोऱ्या बाईचे कार्ड

रंग 'बरोबर' म्हणजे कोणाच्या कातडीला बरोबर, हाही प्रश्न आहेच. १९५० च्या दशकापासून अमेरिकेतली कोडॅक कंपनी छपाईच्या लॅबना एक नमुन्याचा फोटो देत असे. त्यावर एक गोरीपान बाई. लॅबमध्ये त्या फोटोला 'शर्ली कार्ड' म्हणत, कारण पहिल्या बाईचे नाव शर्ली. तिची कातडी जुळली म्हणजे यंत्र जुळले असे समजायचे. म्हणजे ज्यांची कातडी शर्लीसारखी नव्हती त्यांनी आपले नशीब मानून घ्यायचे! गोऱ्या आणि काळ्या मुलांचा एकत्र वर्गफोटो काढला की काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसत. आयांनी तक्रारी केल्या. पण कंपनीने मनावर घ्यायला आणखी एक कारण लागले, असे पुढे कंपनीच्या जुन्या माणसांनीच सांगितले. चॉकलेट विकणारे आणि लाकडी सामान विकणारे तक्रार घेऊन आले, की आमच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत नीट येत नाहीत. मग रोल सुधारला. नव्या रोलची जाहिरात करताना, कमी उजेडातल्या काळ्या घोड्याचेही बारकावे टिपतो अशा अर्थाचे बोलले गेले. अनेक वर्णांच्या बायका असलेले कार्ड यायला १९९० चे दशक उजाडले.

गुळाच्या मुलखातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. चॉकलेटच्या रंगाला जी किंमत आली ती आईच्या तक्रारीला आली नव्हती.

आणि आपण तरी काय करतो? गुऱ्हाळात रसाची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, ती जुनी रीत. पण गूळ पिवळाजर्द दिसावा, भाव जास्त मिळावा म्हणून काहीजण 'हायड्रॉस' टाकतात. गूळ गोरा होतो! खायच्या मालाला रसायन लावू नका असे आता जो तो सांगतो, आणि रसायन न घातलेला तांबूस गूळ शहरात चढ्या भावाने मागून घेतात. फोटोत मात्र हायड्रॉसचाच कारभार. लग्नाच्या स्थळासाठी मुलीचा फोटो काढला की फोटोवाला न विचारता तिला चार छटा उजळ करतो. मोबाइल तर आपल्या मनानेच कातडी गुळगुळीत करतो. मुलीचे वडील खूश, मुलगी गप्प. पुढे पाहुणे घरी आले की फोटो एक आणि पोरगी एक. अपमान कोणाचा होतो, फोटोवाल्याचा नव्हे.

फोटोवाल्यांचीही बाजू आहे, ती सांगायला हवी. "खरा रंग दिला तर लोक म्हणत्यात, तुला फोटो काढता येत न्हाय," असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. गिऱ्हाईकच गोरे करून मागत असेल तर पोटापाण्याचा धंदा करणारा माणूस किती भांडणार?

एक नवी चलाखीही आली आहे. पडदाच लावायचा नाही. भिंतीपुढे कसाही फोटो काढायचा आणि संगणकावर माणूस कातरून मागे पांढरे भरायचे. अर्जाचे यंत्र कदाचित ते घेतेही. पण मागचे पांढरे अगदी शुद्ध आणि पुढे चेहरा ट्यूबच्या उजेडातला, त्यामुळे चेहऱ्याची हिरवट झाक उलट उठून दिसते. शिवाय कातरताना कानाची पाळी, केसांच्या बटा, अंबाड्यावरचा गजरा उडतो. अमेरिकेच्या व्हिसाला तर फोटोत असली फेरफार चालतच नाही.

आता तुमच्या हातात काय, ते. स्टुलावर बसलात की वर बघा. ट्यूब आणि फ्लॅश दोन्ही चालू असतील तर सरळ म्हणा, "भाऊ, ट्यूब तेवढी बंद करता का?" पडद्याला फार टेकून बसू नका. भडक पोपटी किंवा केशरी शर्ट घालून जाऊ नका, त्याची झाक गळ्यावर चढते. पांढराही नको, मागच्या पडद्यात खांदे हरवतात. साधा मध्यम रंगाचा सदरा बरा. छापलेला फोटो दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका. हातात घ्या आणि दाराबाहेर या, गुळाचा खडा घेऊन येतात तसे. उन्हात नको, सावलीच्या कडेला, मोकळ्या उजेडात. फोटोशेजारी आपला हात धरा, तळवा नव्हे, मनगटाची वरची बाजू. चेहरा हातापेक्षा थोडा उजळ किंवा थोडा रापलेला असू शकतो, पण जात एकच दिसली पाहिजे. हात तांबूस आणि चेहरा निळा असेल तर फोटो परत काढून मागा. पैसे दिलेत, संकोच कसला?

आणि लहान लेकराच्या पासपोर्टसाठी घरीच फोटो काढायचा झाला, तर दिवसा उंबऱ्याच्या आत, दाराच्या उजेडात, अंगावर ऊन येणार नाही असे बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवा. घरातले सगळे दिवे बंद करा. चादर जुनी, नुसत्या पाण्याने खळबळलेली चालेल. नीळ घातलेली नको. फोटो वरून काढा, आपली सावली पडू देऊ नका. बाळाची आई जवळ वाकलेली असते, आणि तिच्या लाल लुगड्याची झाक बाळाच्या गालावर हमखास पडते. तेवढ्यापुरता तिने खांद्यावरून एखादा जुना पांढरा पंचा घ्यावा.